दुसऱ्या हाफातला मरफा

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं समुद्र ओलांडून जातात, निदान हिमालय तरी चढतात. मी देगलूरजवळच्या माझ्या गावाहून हैदराबादला गेलो आणि परत आलो, एवढाच माझा प्रवास. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे छापण्यासाठी काही लिहावं की नाही, हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं. शेवटी मराठीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "जे पाहिलंस ते सरळ लिही. चारमिनारवर मात्र लिहू नकोस, तो सगळ्यांनी पाहिलाय." म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, की फुटबॉल मला कळत नाही. आमच्याकडे कबड्डी, कुस्ती आणि सोयाबीन निघालेल्या रानात क्रिकेट. तरीही हे सगळं फुटबॉलबद्दलच आहे, कारण त्या आठवड्यात मी ज्या घरात उतरलो होतो तिथे दुसरा विषयच नव्हता.

गौलीगुडा

मी गेलो होतो विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी. माझी कमलआत्या गौलीगुड्यात राहते, बसस्थानकापासून पायी जाता येईल एवढ्यावर. तिच्या यजमानांना, दिगंबररावांना, मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामा म्हणतो. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात शेती सोडून शहरात आले. आता मामांचं अफझलगंजला दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान आहे. मुलगी स्वाती कॉमर्सला आहे. ती मला "अन्ना" म्हणते, मराठी फाडफाड बोलते, पण वाचताना जोडाक्षरापाशी थांबते.

परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. बरी गेली. संध्याकाळी अंघोळ करून, परीक्षेसाठी जपून ठेवलेला दुसरा नवा शर्ट घालून मी बाहेरच्या खोलीत आलो. मामा भाकरी मोडत होते. त्यांचा हात थांबला.

"कमल," त्यांनी आत हाक मारली, "भाच्याला माझा एखादा शर्ट दे."

"अहो, नवा आहे त्याचा."

"नवा असू दे. पिवळा आहे."

स्वाती हसून हसून भिंतीला टेकली. मला काही कळेना. मी मामांचा ढगळ शर्ट घालून जेवायला बसलो, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर सगळा उलगडा झाला. ताटात अंबाडीची भाजी होती. आमच्याकडे ती बांधावर उगवते आणि पाहुण्याला वाढायची लाज वाटते. इथे तिला गोंगुरा म्हणतात, लसणाची फोडणी देतात आणि आग्रह करकरून वाढतात.

गोष्ट अशी. जुन्या शहराच्या या बाजूला दोन क्लब आहेत. नदीकाठचा पूल क्लब, त्यांचा रंग पिवळा. आणि मामांचा बाग क्लब, त्यांचा जांभळा. पूलवाल्यांत जोशी आहेत, बागवाल्यांत खान आहेत. जात-धर्म इथे बघत नाहीत, आजोबा मैदानाच्या कुठल्या बाजूच्या कट्ट्यावर बसत होते तेवढं बघतात. दोघांमधला वर्षाचा मोठा सामना येत्या रविवारी होता. आणि महिन्यापूर्वी पूल क्लब एका परदेशी धनिकाने विकत घेतला होता. त्याची हॉटेलं आहेत, जहाजं आहेत, असं लोक सांगत होते. पुढच्या हंगामापासून पूल क्लब शहराच्या दुसऱ्या टोकाला, आयटी कंपन्यांच्या बाजूला, मोठ्या स्टेडियमवर खेळणार होता. म्हणजे जुन्या मैदानावरचा हा शेवटचा सामना.

"मग तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे," मी म्हणालो. "दुश्मन गाव सोडून चाललाय."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत नापास झालो होतो.

अफझलगंज

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर दुकानात गेलो. अफझलगंजमध्ये हातगाडी, रिक्षा आणि माणूस एकाच वेळी एकाच जागेतून जाऊ शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मामांच्या दुकानासमोर यूसुफभाईंचं प्लास्टिकच्या बादल्या-टबांचं दुकान आहे. यूसुफभाई म्हणजे पूलवाल्यांचा म्होरक्या, जसे मामा बागवाल्यांचे. दोघं पंचवीस-तीस वर्षं समोरासमोर बसून एकमेकांना शिव्या देतात आणि एकाच किटलीतला चहा पितात.

मामांनी शटर वर केलं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"क्या दिगंबर! सुने क्या? हमारा मालिक मैच देखने कू आरा. हवाई जहाज में बैठ के."

"हौ, सुना," मामा सुतळीची बंडलं बाहेर मांडत म्हणाले. "तुम लोगां बिक गए बोलके पूरा अफझलगंज बोलरा."

"बिके नै मियाँ, खरीदे गए! बाजार में अच्छा माल खरीदा जाता, सडेला पडा रैता. तुम लोगां कू तो कोई फुकट में भी नक्को बोलरा."

"तुम्हारा गोरा अपने ग्यारह खिलाडियों का नाम बोल के बताया, तो ये दुकान तुम्हारे नाम पे."

"सीखरा ना नामां! टाइम देव उनकू!"

आजूबाजूचे दुकानदार हसत होते. मी ऐकत होतो. आमच्या गावात कुणाला शेजारी असं भर रस्त्यात बोलला तर दोन पिढ्या अबोला पडतो. इथे हे बोलणं म्हणजे दुकान उघडल्याची पूजा.

दिवसभरात जे बागवाले दुकानात आले त्या प्रत्येकाचं या खरेदीबद्दल वेगळं मत होतं. एक म्हणाला, पूलवाल्यांनी इमान विकलं. दुसरा म्हणाला, दोन वर्षांत गोरा कंटाळून पळेल, मग बघू मजा. तिसरा, पोस्टातला कारकून, दोराचं बंडल हातात घेऊन हळूच म्हणाला, "त्यांच्या पोरांना नवे बूट मिळालेत, दिगंबरशेठ. आपला गोलकीपर अजून भावाचे बूट घालतो." मामांनी त्याला बंडलाचा भाव सांगितला. हेव्याला काय उत्तर देणार?

दुपारी मात्र खरी बातमी आली. क्लबच्या कामाला धावणारा नरेश मोटारसायकल तशीच रस्त्यात लावून आत आला आणि म्हणाला, "शेठ, सालेह उस्ताद पूरा मॅच पूलवालों के लिए बजारै. दोनों हाफ."

मामा स्टुलावर बसले.

ही बातमी एवढी मोठी का, ते सांगायला हवं. हैदराबादला लग्नात, मिरवणुकीत मरफा वाजतो. डफासारखा मरफा, ढोल आणि त्यांच्या जोडीला स्टीलचा घडा. सालेह उस्तादचा ताफा त्यात नावाजलेला. फार पूर्वी या सामन्यासाठी दोन्ही क्लबांनी एकाच दिवशी उस्तादच्या वडिलांना सुपारी दिली. म्हाताऱ्याला कुणाचीच परत करता येईना. तो म्हणाला, पहिला हाफ एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. तेव्हापासून तोच कायदा झाला. मध्यंतरात ताफा एका बाजूच्या कट्ट्यावरून उठतो, वाद्यं खांद्याला लावून, न वाजवता, मैदान मधोमध ओलांडतो आणि दुसऱ्या कट्ट्यावर जाऊन बसतो. तेवढा वेळ दोन्हीकडची माणसं उभी राहतात. गेल्या वर्षी हरलेल्याला दुसरा हाफ मिळतो, कारण निकाल त्यात लागतो. यंदा दुसरा हाफ बागवाल्यांचा होता. शेवटच्या सामन्याचा शेवटचा हाफ.

"उन्होंने बोले क्या, खुद?" मामांनी विचारलं.

"नवीन पिवळे कपडे भी सिला के दिए, शेठ."

चिक्कडपल्ली

संध्याकाळी बाग क्लबचे अध्यक्ष केशवराव वकील यांच्या घरी बैठक होती. चिक्कडपल्लीतलं शांत घर, दाराशी कढीपत्त्याचं झाड, स्टीलच्या पेल्यात कॉफी. केशवरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीतलं. त्यांचं मराठी ऐकताना मला अर्धं मराठी आणि अर्धं उर्दूचं पुस्तक ऐकल्यासारखं वाटलं. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी मला बोलावून पुढे बसवलं. "तशरीफ पुढे आणा. पाहुणे आहात, दाराशी बसलात तर आमची बेअदबी होते."

नरेशने लगेच प्रस्ताव मांडला. "सर, आपण भी एक गोरा ढूंढना. आजकल मिलते."

"आपल्याकडे विकायला आहे काय?" केशवराव म्हणाले. "दोन गोलपोस्ट. ते म्युनिसिपालटीचे."

सगळे हसले. मग कुणी म्हणालं, लाउडस्पीकर आणू. कुणी म्हणालं, दुसरा ताफा आणू. पण उस्तादच्या मैदानावर दुसरा मरफेवाला पाय ठेवत नाही, हा त्यांच्यातला नियम. कुणी म्हणालं, सामन्यावर बहिष्कार टाकू.

"आणि शेवटच्या दिवशी आपला कट्टा रिकामा ठेवू?" मामा पहिल्यांदाच बोलले. "ते तर त्यांना पाहिजेच असेल. मी जाणार. आणि दुसऱ्या हाफाला मरफा आपल्याकडेच वाजणार. कसा ते मला माहीत नाही, पण वाजणार. अहो, घडा वाजायला लागला की आपला उजवा विंगर सुटतो. त्याला कोच काय सांगणार? तो लहानपणापासून त्या घड्यावर पळतोय."

मला राहवलं नाही. मी भीतभीत म्हणालो, "मामा, आमच्याकडून हलगीवाले आणू का? रविवारपर्यंत येतील."

केशवराव माझ्याकडे वळले. "हलगी तुमच्याकडे कशाला वाजते?"

"कुस्तीला, काका."

"कुठल्या पैलवानाच्या बाजूने?"

मी थोडा विचार केला. "कुणाच्याच नाही. कुस्ती रंगली की वाजते. दोघांसाठी."

"बहोत खूब," केशवराव म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "दिगंबरराव, मला त्या परदेशी माणसाच्या दौलतीची भीती नाही वाटत. पूलवाले श्रीमंत झाले, मुबारक. पण त्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही की पूल क्लबाचा अर्धा भाग आपल्याकडे आहे. खरेदी करताना तेवढा राहून गेला."

हलगीचा विषय तिथेच थांबला. मला वाईट वाटलं नाही. उलट, मोठ्या माणसांच्या बैठकीत मी काहीतरी बोललो आणि ते कुणीतरी ऐकलं, याचं मला पुढचे दोन दिवस बरं वाटत होतं.

बारकस

दुसऱ्या दिवशी मामा, स्वाती आणि मी सालेह उस्तादकडे गेलो. बारकस शहराच्या दक्षिणेला आहे. तिथल्या पुष्कळ घरांचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले. तिथले पुरुष घरात रंगीत लुंग्या नेसतात आणि दारादारात पेरूचे, तिथल्या भाषेत जामांचे, ढीग असतात. रिक्षातून उतरताना माझी चप्पल तुटली, आणि मी एक पाय अनवाणी, असा त्या घरात शिरलो. उस्तादनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि आतून स्वतःची चप्पल आणून ठेवली. ती मला दोन बोटं मोठी होती. तीच घालून मी पुढे गावी आलो.

उस्ताद साठीचे, उंच, शांत. खुंटीवर सोनेरी काठाचे पिवळे कोट ओळीने टांगलेले होते. मामांनी त्या कोटांकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"दिगंबर, मेरे कू मालूम तुम कैकू आए," उस्ताद म्हणाले. "नए मालिक के ऑफिस का लडका आया. पूल क्लब का मैच है, बजाते क्या बोला. मैं हौ बोल दिया. मैं समझा हमेशा का आधा है. कौन पूछता? बाप के जमाने से आधा बजारूँ. बाद में कपडे लेके आया, तब बोला, उस्ताद, शुरू से आखिर तक. जहाँ पूल के लोगां, वहाँ तुम."

"उसकू बोले नै, रिवाज क्या है?"

"बोला. उनो बोला, अब नया रिवाज." उस्तादनी पेरू कापून, मीठ-तिखट लावून आमच्यासमोर ठेवले. "लेकिन मैं हौ बोल चुका दिगंबर. जबान दे दिया. अब्बा दो लोगां कू जबान दिए थे तो दोनों की रखे. मैं एक की भी नै रखूँ क्या?"

मला वाटलं, मामा आता म्हणतील, मोडा तो शब्द. रिक्षात ते त्याचीच तयारी करत होते, ओठ हलताना मी पाहिले होते. पण मामा पेरूची फोड खात राहिले. मग म्हणाले, "जाम मीठे हैं इस बार." आणि उठले.

परत येताना स्वाती चिडली. "पप्पा, तुम्ही बोललेच नाही! कमसे कम विचारायचं तरी!"

"तो माणूस खोटा पडला असता," मामा म्हणाले. "मग त्याचा मरफा ऐकून मी करू काय?"

पुन्हा अफझलगंज

निघायच्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. शनिवारी आमच्या कॉलेजची तोंडी परीक्षा होती, म्हणून सामन्यासाठी थांबता येत नव्हतं. यूसुफभाईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. नव्या मालकासाठी मैदानात सोफा ठेवणार आहेत, तुम्ही सतरंजी आणा, वगैरे. मामा दोर मोजत राहिले. यूसुफभाईंनी पुन्हा एक टोला हाणला. मामा आत गेले.

थोड्या वेळाने यूसुफभाईंनी मला बोटाने बोलावलं.

"बेटा, मामू कू क्या हुआ? तबियत खराब है क्या? दो दिन से गाली नै दिए."

सांगावं की नाही, मला कळेना. पण मी तर त्याच दिवशी जाणार होतो, आणि त्यांनी खरंच काळजीने विचारलं होतं. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, उस्तादनी दिलेल्या शब्दासकट.

"दोनों हाफ?" ते आधी मोठ्याने हसले. "वा! अच्छा हुआ! बैठो चुप, बागवाले!" मग बादलीवर बादली रचता रचता त्यांचा हात मंद झाला. "मतलब दूसरे हाफ में उधर से आवाज नै आती?"

"नाही."

"फिर हम किसके ऊपर चिल्लाते?"

 त्यांनी मालकाच्या ऑफिसातल्या त्या मुलाला एक अस्सल हैदराबादी शिवी दिली, ती इथे लिहिता येत नाही. मग मला एक लहान निळी बादली भेट दिली, आणि मी ती हातात धरून बसस्थानकावर गेलो. आत्याने भाकरी आणि गोंगुऱ्याचं लोणचं तिच्यातच ठेवलं होतं. मामा सोडायला आले होते. गाडी सुटताना ते म्हणाले, "रविवारी कळवतो. वाजणार बघ." त्यांचा आवाज ठाम होता. आधार काय होता, देव जाणे.

गाव

रविवारी संध्याकाळी मी फोन घेऊन आमच्या शाळेच्या ओट्यावर बसलो, कारण घरात रेंज येत नाही. सूर्य मावळला तरी फोन नाही. मी लावला तर लागेना. शेवटी स्वातीचाच आला. मागे एवढा गोंगाट होता की ती ओरडूनच बोलत होती.

"अन्ना! ऐक! पहिल्या हाफात उस्ताद पिवळे कोट घालून पूलवाल्यांकडे वाजवत होते. बरोबर? तो मालिक सोफ्यावर. मग मध्यंतर झालं. आमच्याकडचे सगळे उभे राहिले, नेहमीसारखे. पप्पा सगळ्यात पुढे. पण ताफा उठलाच नाही. बसूनच राहिला. उस्ताद खाली बघत होते. पप्पा उभेच. मला रडायला येत होतं, अन्ना."

"मग?"

"मग यूसुफचाचा उठले! उस्तादना जाऊन म्हणाले, तुम्हारी जबान क्या है? जहाँ पूल के लोगां, वहाँ तुम, बरोबर? उस्ताद म्हणाले, हौ. तर चाचा मागे वळून ओरडले, चलो रे! आणि अख्खा पिवळा कट्टा उठला! सगळे, अन्ना, म्हातारे, लेकरं, झेंडे घेऊन, मैदान मधून ओलांडून आमच्या कट्ट्यावर आले! चाचा पप्पांना म्हणाले, सरक बे, जगह दे. आणि उस्ताद त्यांच्या मागे मागे, न वाजवता. शब्द पण राहिला ना त्यांचा! मग आमच्यात बसून दुसरा हाफ पूर्ण वाजवला. पूलवाले आमच्याच मांडीला मांडी लावून आम्हालाच शिव्या देत होते!"

"आणि तो मालक?"

"तो एकटा राहिला ना तिकडे! सोफ्यावर! उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांना हात करत होता. त्याला वाटलं, इथली पद्धतच आहे ही."

मी ओट्यावर एकटाच हसत होतो. बाजूने जाणाऱ्या शेळ्या थबकल्या.

"स्कोर काय झाला?" मी विचारलं.

"ते पप्पाच सांगतील, घे."

मामा फोनवर आले. घसा पार बसला होता. शब्द फुटत नव्हते, हवाच येत होती. मागे घडा अजून वाजत होता.

"हरलो रे," ते म्हणाले. "दोन-शून्य." त्यांनी दम घेतला. "दोन्ही गोल पहिल्या हाफातले."